दगडावरचे बोल्ट : व्हिएन्नाच्या टपाल बचत बँकेची गोष्ट

बँकेची इमारत कशी दिसावी? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक उत्तरं एकाच दिशेनं येतील असं आम्हाला वाटतं. जाड भिंती, दगडी खांब, लोखंडी दार, गजांच्या खिडक्या. आपला पैसा दुसऱ्याच्या हाती सोपवायचा तर ती जागा निदान सहजी फुटणारी नसावी, ही अपेक्षा साहजिकच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बँका बांधणाऱ्यांनी हेच उत्तर दिलं. ग्रीक देवळासारखे खांब, राजवाड्यासारखी दर्शनी बाजू, किल्ल्यासारखा दगड. इमारतीच्या वजनावरून आतल्या पैशाच्या सुरक्षिततेचा अंदाज करा, असंच जणू त्या सांगत असत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात एक बँक अशी बांधली गेली की तिनं हे उत्तर बदललं. तिथं दगड आहे, पण तो जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा, आणि तेवढाच आहे हे ती लपवत नाही. आतल्या दालनाला छतही काचेचं आणि जमीनही काचेची. खांबांवर आणि दारांवर जो धातू चमकतो तो सोनं नाही, पितळ नाही, चक्क अ‍ॅल्युमिनिअम आहे. वास्तुकलेच्या इतिहासात या इमारतीचं नाव नेहमी घेतलं जातं. आम्हाला मात्र ती विज्ञान शिकवणाऱ्यांनी पाहावी अशी वाटते, कारण पदार्थांचे गुणधर्म, उजेडाचा हिशेब आणि माणसांचा विश्वास या तीन गोष्टी तिथं एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

चिल्लर जमा करणारी बँक

ही बँक नेमकी कुणाची होती, ते आधी पाहू. मोठ्या बँका व्यापाऱ्यांसाठी, कारखानदारांसाठी आणि सरकारांना कर्ज देण्यासाठी असत. आठवड्याच्या पगारातून चार नाणी मागं टाकणाऱ्या मोलकरणीला किंवा कामगाराला तिथं कुणी विचारत नसे. ब्रिटननं १८६१ मध्ये यावर उपाय काढला. टपाल कचेऱ्या गावोगावी होत्याच, पैशाचे व्यवहार त्या करतच होत्या, मग लोकांची बचतही तिथंच का घेऊ नये? भारतात १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांचं पहिलं पासबुक तिथलंच असेल. त्याच वर्षी ऑस्ट्रियानंही टपाल बचत बँकेचा कायदा केला आणि १८८३ च्या जानेवारीत काम सुरू झालं.

ऑस्ट्रियाच्या व्यवस्थेत एक गोष्ट महत्त्वाची होती. पैसे कुठल्याही गावच्या टपाल कचेरीत भरता येत, पण सगळ्या खात्यांच्या नोंदी व्हिएन्नात एका ठिकाणी ठेवल्या जात. गेऑर्ग कोख या पहिल्या प्रमुखानं १८८३ मध्येच तिला धनादेशांची आणि खात्याखात्यांतल्या देवघेवीची जोड दिली. म्हणजे माणसांनी नाणी इकडून तिकडं न्यायची नाहीत, कागदावरच्या नोंदी हलवायच्या. आज संगणक करतो ते काम तेव्हा कारकुनांची फौज करत असे. खाती वाढली तशी नोंदवह्या वाढल्या, नोंदवह्या वाढल्या तशी माणसं वाढली. साम्राज्यभरच्या लहान ठेवींचा हिशेब ठेवणारा तो एक प्रचंड कागदी कारखाना होता आणि त्याला स्वतःची इमारत हवी होती.

रस्त्यावरचे जुने पोशाख

जागा मिळाली ती रिंगस्ट्रासे या रस्त्याच्या शेवटच्या तुकड्याजवळ. व्हिएन्नाभोवतीची जुनी तटबंदी पाडण्याचा हुकूम १८५७ मध्ये निघाला आणि तटाच्या जागी शहराला वळसा घालणारा हा रुंद रस्ता झाला. त्याच्या कडेला एकामागून एक सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. संसदेला ग्रीक पद्धत दिली, कारण लोकशाहीचं मूळ ग्रीसमध्ये. नगरभवनाला मध्ययुगीन गॉथिक पद्धत, कारण स्वायत्त शहरं त्या काळची. विद्यापीठ प्रबोधनकाळातल्या इटलीच्या धर्तीवर. स्नेहसंमेलनात मुलांना वेगवेगळे पोशाख घालून उभं करावं तसा तो रस्ता होता.

बँकेच्या जागेवर पूर्वी लष्कराची बराक होती. ती पाडल्यावर १९०३ मध्ये नव्या इमारतीच्या आराखड्यांसाठी स्पर्धा ठेवली गेली आणि ती ऑटो वाग्नरनं जिंकली. वाग्नर तेव्हा साठी ओलांडलेला होता. तरुणपणी त्यानंही जुन्या शैलींत भरपूर काम केलं होतं. १८८२ ते १८८४ या काळात त्यानं व्हिएन्नातच एका दुसऱ्या बँकेची, लेंडरबँकेची, इमारत बांधली. तिच्या आत काचेच्या छताचं दालन होतं, पण रस्त्याकडची बाजू इटालियन राजवाड्याच्या वळणाची होती. पुढं १८९४ मध्ये तो कला अकादमीत प्राध्यापक झाला. शहरातल्या नव्या रेल्वेची स्थानकं आणि पूल यांची कामंही त्याच्याकडे आली. लोखंडाशी आणि गर्दीशी रोजचा संबंध आल्यावर त्याचे विचार बदलले. १८९६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यानं मांडलं की वास्तुकलेनं आजच्या माणसाच्या गरजांपासून, आजच्या पदार्थांपासून आणि आजच्या बांधण्याच्या रीतींपासून सुरुवात केली पाहिजे. जे सोयीचं नाही ते सुंदर असू शकत नाही, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. टपाल बचत बँक ही या विचाराची परीक्षा होती. पहिला भाग १९०४ ते १९०६ मध्ये आणि मागचा भाग १९१० ते १९१२ मध्ये बांधून झाला.

लादी, मसाला आणि बोल्ट

जुन्या पद्धतीच्या दगडी इमारतीत दगडच भिंत असतो. मोठमोठे चिरे खाणीतून काढायचे, घडवायचे, वर चढवायचे आणि एकावर एक रचायचे. याला वर्षं लागतात आणि पैसाही तसाच लागतो. वाग्नरच्या काळापर्यंत बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष भिंत विटांचीच असे. मग तिच्यावर गिलावा करून त्यात चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या रेघा मारत, म्हणजे लांबून ती दगडाची वाटे.

वाग्नरनं भिंत विटांचीच ठेवली, पण तिच्यावर खऱ्या दगडाच्या पातळ लाद्या बसवल्या. खालच्या भागात ग्रॅनाइट, वरच्या मजल्यांवर टिरोल भागातल्या श्टेर्झिंगच्या खाणीतला पांढरा संगमरवर. संगमरवराच्या लाद्या सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या आहेत. याचा अर्थ काय होतो ते मुलांकडून फळ्यावर काढून घेता येईल. संगमरवराची घनता घनमीटरला सुमारे २,७०० किलो धरू. एक चौरस मीटर भिंतीवर दोन सेंटिमीटरची लादी बसवली तर घनफळ ०.०२ घनमीटर, म्हणजे वजन ५४ किलो. तेवढ्याच भिंतीसाठी ४० सेंटिमीटर जाडीचा चिरा वापरला तर वजन १,०८० किलो. वीसपट फरक! तो खाणीत आहे, वाहतुकीत आहे, परांचीवर चढवण्यात आहे आणि पायावरच्या भारातही आहे. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र ऊन, पाऊस आणि धूर सोसतो तो दगडाचा बाहेरचा पृष्ठभागच, आणि तो दोन्हीकडे सारखाच आहे.

आता पंचाईत अशी की उभ्या भिंतीवर ५४ किलोची लादी ओल्या मसाल्यानं चिकटवली तर ती निसटेल. मसाला पुरता घट्ट व्हायला काळ जातो, आणि तोवर गवंड्यांनी थांबायचं तर वेळेची सगळी बचत गेली. म्हणून प्रत्येक लादी लोखंडी बोल्टनं भिंतीत अडकवली. बोल्टला शिशाचं आवरण आणि वर अ‍ॅल्युमिनिअमची टोपी. नुसतं उघडं लोखंड दगडात बसवणं धोक्याचं असतं. ओल लागली की ते गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि भोवतालचा दगड तडकतो. जुन्या देवळांच्या किंवा वाड्यांच्या डागडुजीत लोखंडी कांबी वापरल्यानं चिरे फुटलेले आपल्याकडेही दिसतात. शिसं मऊ असतं, भोकात नीट बसतं आणि ओल लोखंडापर्यंत पोचू देत नाही.

असे सुमारे १७,००० बोल्ट या इमारतीवर दिसतात. लांबून पाहिलं तर सगळी दर्शनी बाजू ठिपक्यांनी भरलेली दिसते. पत्र्याची पेटी खिळे ठोकून पक्की करावी तशी. लोकांना ती तिजोरीची आठवण करून देते आणि वाग्नरला हे नको होतं असं म्हणता येणार नाही.

इथं एक वाद आहे, आणि तो वर्गात रंगावा असा आहे. मसाला घट्ट झाल्यावर लादी धरून ठेवण्याचं काम मसालाच करतो. बोल्टचं काम तिथं संपलं. मग तो दिसता ठेवून वर चकचकीत टोपी बसवणं हा प्रामाणिकपणा, की तीही एक सजावटच? सोयीचं नाही ते सुंदर नाही असं सांगणाऱ्यानंच काम संपलेल्या बोल्टला मिरवावं का?

आम्हाला उत्तर सुचतं ते तांबटआळीतलं. तांब्याच्या भांड्याला तांबट लाकडी ठोकळ्यावर धरून ठोके देतो, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी धातूतल्या कणांची रचना बदलते, पत्रा कडक होतो आणि भांडं सहजी चेपत नाही. काम झाल्यावर ठोक्यांच्या खुणा घासून काढता आल्या असत्या. पण त्या ठेवतात, ओळीत नेटक्या देतात, आणि त्याच भांड्याचं सौंदर्य ठरतात. त्या खुणा भांडं कसं झालं याची नोंद असतात. वाग्नरचे बोल्टही तसेच आहेत. ही भिंत चिऱ्यांची नाही, लाद्यांची आहे आणि त्या अशा बसवल्या, हे ते सांगतात. गिलाव्यात खोट्या सांध्यांच्या रेघा मारणं आणि खऱ्या बोल्टवर टोपी बसवणं यांत फरक आहे. रेघ न घडलेली गोष्ट सांगते, बोल्ट घडलेली गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगतो.

एका नव्या धातूचं नशीब

बोल्टांच्या टोप्या, प्रवेशद्वारावरच्या छताचे खांब, आतल्या खांबांची आवरणं, दारांचे भाग, एवढंच काय, माथ्यावर उभ्या असलेल्या ओथमार शिमकोविट्झ या शिल्पकाराच्या दोन पंखधारी मूर्तीसुद्धा अ‍ॅल्युमिनिअमच्या आहेत. आज स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा धातू बँकेच्या माथ्यावर चढवण्यात काय विशेष, असं वाटेल. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

अ‍ॅल्युमिनिअम पृथ्वीच्या कवचात भरपूर आहे, पण ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून बसलेलं की १८२५ पर्यंत ते कुणाला सुटं करता आलं नव्हतं. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये सॅंत-क्लेर देव्हिल यानं सोडिअम वापरून ते थोड्या प्रमाणात मिळवण्याची रीत काढली, पण सोडिअमच महाग होतं. त्या काळी अ‍ॅल्युमिनिअम दागिन्यांत वापरत. १८८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला मौल्यवान आणि न गंजणारी वस्तू म्हणून सुमारे २.८ किलो वजनाचा अ‍ॅल्युमिनिअमचा छोटा पिरॅमिड केला गेला.

पुढच्या दोनच वर्षांत चित्र पालटलं. अ‍ॅल्युमिनाचा वितळणबिंदू २,००० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. पण तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवला तर सुमारे ९५० ते १,००० अंशांवर त्यातून वीज सोडून धातू वेगळा करता येतो. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी १८८६ मध्ये एकमेकांना न कळता हे शोधलं. दोघंही तेव्हा तेवीस वर्षांच्या आतबाहेरचे. त्याच सुमारास कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञानं बॉक्साइटपासून शुद्ध अ‍ॅल्युमिना मिळवण्याची रीत काढली. धबधब्यांवरची स्वस्त वीज हाताशी आली आणि दहा वर्षांच्या आत या धातूची किंमत दहापटीनं कोसळली.

म्हणजे १९०४ मध्ये अ‍ॅल्युमिनिअम मौल्यवान राहिलं नव्हतं आणि पातेल्याइतकं सामान्यही झालं नव्हतं. त्याला अजून स्वतःची ओळख नव्हती. वाग्नरनं १९०२ मध्ये एका वृत्तपत्राच्या तारकचेरीच्या दर्शनी भागावर ते वापरून पाहिलं होतं. बँकेत त्याला मोठं काम मिळालं. हवेत येताच त्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा, घट्ट थर चढतो आणि पुढचं क्षरण थांबतं. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, पितळ रोज घासावं लागतं, लोखंड रंगवावं लागतं. अ‍ॅल्युमिनिअमला यातलं काही लागत नाही. शिवाय ते हलकं. त्याची घनता संगमरवराइतकीच, घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, हे सांगितलं की मुलांना नवल वाटतं. खुर्च्यांच्या हातांवर आणि पायांच्या टोकांवर, म्हणजे जिथं झीज जास्त तिथं, अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्या बसवल्या. सोन्याचा मुलामा देण्याऐवजी चिल्लर जमा करणाऱ्यांच्या बँकेला विजेनं स्वस्त केलेला नवा धातू दिला, ही निवड नुसती शोभेची नव्हती.

उजेडाचं दालन

दारातून आत शिरलं की पायऱ्या चढून मुख्य दालनात जाता येतं. खातेदार येतात, खिडकीसमोर उभे राहतात, पैसे भरतात किंवा काढतात ते इथं. हे दालन इमारतीच्या मधल्या चौकात आहे. चारी बाजूंना कचेऱ्या, म्हणजे भिंतीला खिडक्या काढून उजेड मिळणार नाही. तो वरूनच घ्यायला हवा. म्हणून मधल्या भागावर कमानदार काचेचं छत आणि दोन्ही बाजूंना जरा कमी उंचीची काचेची छतं. छताचा भार सडपातळ पोलादी खांबांवर आहे आणि हे खांब खाली निमुळते होत जातात. दगडी खांब पायथ्याशी रुंद असतो, कारण दगडी रचनेचं वजन खाली वाढत जातं. पोलाद ताकदवान असल्यानं तो संकेत पाळण्याची गरज नाही, हे तो खांब उघड सांगतो. या काचेच्या छताच्या वर आणखी एक काचेचं उतरतं छप्पर आहे, पाऊस आणि बर्फ झेलायला.

इतक्या काचेची गरज का, हे कळण्यासाठी सूर्याची उंची काढून पाहू. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून किती वर असतो हे काढायला ९० मधून त्या ठिकाणचा अक्षांश आणि आणखी २३.४ वजा करायचे. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५, म्हणून उत्तर ४८ अंश. व्हिएन्नाचा ४८.२, म्हणून उत्तर जेमतेम १८ अंश. भर दुपारी सूर्य आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या साडेआठ-नवाइतकाच वर! उंच इमारतींनी वेढलेल्या चौकात असे तिरपे किरण पोचतच नाहीत. मिळतो तो आकाशाचा विखुरलेला उजेड. दुधी काच हा उजेड आणखी पसरवते. त्यामुळे दालनात कुठंही काळी सावली पडत नाही आणि नोंदवहीवर लिहिणाऱ्याचा हात स्वतःच्याच सावलीत येत नाही. विजेचे दिवे होतेच, पण दिवसा त्यांची गरज कमी भासावी अशी ही योजना होती.

दालनाच्या जमिनीतही काचेचे ठोकळे बसवले आहेत. छतातून आलेला उजेड जमिनीतून झिरपून खालच्या मजल्यावर काम करणाऱ्यांना मिळतो. वर लोक चालतायत आणि पायाखालून उजेड खाली जातोय. उजेड एकदा वापरून संपत नाही, अडवला नाही तर पुढं देता येतो, हे किती साधेपणानं दाखवलंय!

काचेच्या दालनाची दुसरी बाजू थंडी. काचेतून उष्णता लवकर निघून जाते आणि काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते. म्हणून वाग्नरनं गरम हवा सोडणारे उभे नळकांडे दालनात ठेवले. तेही अ‍ॅल्युमिनिअमचे आणि तेही उघडे. एखाद्या पुतळ्याच्या जागी पुतळ्याच्याच थाटात उभा असलेला हवेचा नळ! यंत्र भिंतीत दडवायची रीत असलेल्या काळात हे धाडसच होतं.

कचेऱ्यांमधल्या आडभिंतींवर इमारतीचा भार नाही. काम बदललं, माणसं वाढली की त्या काढून खोल्या लहानमोठ्या करता याव्यात, असा हेतू होता. कागदी कारखान्याची गरज ओळखूनच हे केलं होतं.

त्याच वर्षांत मुंबईत

व्हिएन्नात हे चाललं होतं तेव्हा मुंबईतही टपाल खात्याची एक मोठी इमारत उभी राहत होती. जॉन बेग यानं आखलेल्या जनरल पोस्ट ऑफिसचं काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि १९१३ मध्ये पुरं झालं. मधल्या भव्य दालनावर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट, स्थानिक काळा बसाल्ट, कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि ध्रांगध्राचा पांढरा दगड. तिथंही सामान्य माणूस पत्रं टाकायला, मनीऑर्डर करायला आणि बचत खात्यात पैसे भरायला येत असे. राज्यकर्ते परके होते आणि त्यांनी आपल्या सत्तेला या देशातल्या जुन्या वास्तूंचा पोशाख घातला. आमचं म्हणणं यातली एक इमारत चांगली आणि दुसरी वाईट असं नाही. मुंबईच्या उन्हात जाड दगडी भिंती आणि उंच घुमट यांची सोय कुणी नाकारणार नाही, आणि व्हिएन्नाचं काचेचं छत जसंच्या तसं इथं आणलं तर खातेदार भाजून निघेल. पण एकाच खात्याचं एकाच काळातलं काम दोन शहरांत किती वेगळ्या गोष्टी सांगतं हे पाहण्यासारखं आहे.

इमारत टिकली, पैसा नाही

आता गोष्टीचा अवघड भाग. इतकी उघडी, उजेडाची, लहान माणसाचा मान राखणारी इमारत. तिच्या पोटातली संस्था तशीच होती का?

बँकेसमोरच्या चौकाला गेऑर्ग कोखचं नाव आहे आणि तिथं त्याचा अर्धपुतळा आहे. कोख १८९० मध्ये वारला. पुढं व्हिएन्नाच्या राजकारणात ख्रिस्ती समाजवादी पक्ष जोरात आला आणि त्याचा नेता कार्ल लुएगर १८९७ मध्ये महापौर झाला. लहान दुकानदार आणि कारागीर यांच्या खऱ्या अडचणींना या पक्षानं ज्यूद्वेषाचं रूप दिलं. मोठ्या खासगी बँका ज्यूंच्या आणि टपाल बँक मात्र आपली, असा प्रचार झाला आणि कोखला त्या प्रचाराचा नायक केलं गेलं. लहान बचतदारांची सोय हा एक चांगला विचार होता. तो द्वेषाच्या कामी लावला गेला. काचेचं छत हे थांबवू शकत नव्हतं.

दुसरी गोष्ट पैशाची. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. त्यासाठी ऑस्ट्रियानं नागरिकांकडून पुन्हा पुन्हा कर्ज उभारलं आणि या युद्धरोख्यांच्या नोंदणीचं मोठं काम टपाल बचत बँकेमार्फत झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं चिल्लर साठवली होती त्यांनी ती विश्वासानं इथं दिली. १९१८ मध्ये साम्राज्यच कोसळलं. वाग्नर त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. नंतर महागाई अशी भडकली की ती १९२२ च्या अखेरीस कशीबशी आवरली, आणि १९२५ मध्ये नवं चलन आलं तेव्हा १०,००० जुन्या क्राउनना एक शिलिंग असा दर ठरला. युद्धापूर्वी जमवलेले १०,००० क्राउन ही कष्टकरी कुटुंबाची मोठी पुंजी होती. तिचा एक शिलिंग झाला. बँकेची एकही लादी पडली नव्हती, एकही कुलूप फुटलं नव्हतं.

म्हणजे भक्कम कशाला म्हणायचं, हा प्रश्न वाग्नरनं अर्धाच सोडवला होता. जाड भिंती म्हणजे सुरक्षितता नव्हे हे त्यानं दाखवलं. पण पैशाची सुरक्षितता भिंतीत नसते तशी काचेतही नसते. ती सरकार खर्च कसा करतं, कर्ज कशासाठी काढतं आणि नागरिकांना हिशेब मागता येतो का, यावर असते. दालनात कारकून काय लिहितो ते सगळ्यांना दिसत होतं. युद्धाचा निर्णय जिथं झाला त्या खोल्यांना काचेचं छत नव्हतं.

इमारत आजही उभी आहे. टपाल बचत बँक २००५ मध्ये दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली, आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस बँकेचा कारभार तिथून हलला. त्यानंतर व्हिएन्नाच्या उपयोजित कला विद्यापीठाचे विभाग तिथं आले. भार नसलेल्या आडभिंतींचा उपयोग शंभर वर्षांनी असाही झाला.

आपल्या गावात

शिक्षकांना यातून एक छोटा उपक्रम करता येईल. गावातली सगळ्यांत जुनी बँक किंवा टपाल कचेरी निवडा. मुलांना तिथं न्या आणि त्यांना काही प्रश्नांची उत्तरं शोधू द्या. भिंत कशाची आहे आणि कशाची दिसते? उजेड कुठून येतो, दुपारी बाराला दिवे लावावे लागतात का? हातानं लिहिणारा किंवा संगणकावर बसणारा माणूस उजेडाकडे तोंड करून आहे की पाठ करून? खातेदार उभा राहतो ती जागा आणि व्यवस्थापकाची खोली यांच्या उंचीत, वाऱ्यात, बसण्याच्या सोयीत किती फरक आहे? अंगठा उठवणारी आजी तिथं गेली तर तिला कुठं जायचं ते न विचारता कळेल का?

मग गावात नव्यानं झालेली काचेच्या तोंडाची एखादी बँक पाहा. बाहेरून काच, आत दिवसाही दिवे आणि उष्णता बाहेर फेकणारी वातानुकूलन यंत्रं. काच तीच, पण व्हिएन्नात ती उजेड आत घ्यायला होती. इथं ती कशासाठी आहे, हे मुलांनीच ठरवावं.